शिखरावरचे दगड

उल्काने पाठीवरची पेटी उतरवली. आत हिमपतंगांच्या बारा माद्या होत्या, बिनपंखी. उष्मा दरवर्षी डोंगर चढत होता. नर उडून थंडीच्या मागे वर जात, माद्यांना मात्र माणसांनीच वर नेऊन सोडावं लागे. उल्काचं हे एकोणिसावं वर्ष, आणि आता वर फक्त आभाळ होतं.

"संपला डोंगर, दीदी," वाटाड्या नोरबू म्हणाला. पायथ्याहून आणलेला दगड त्याने रिवाजाप्रमाणे शिखरावरच्या ढिगावर ठेवला. इथे पोचणारा प्रत्येकजण असा एक दगड ठेवत आला होता.

उल्काने सहज ढिगाच्या फटीत हात घातला. बोटं गारठली. तिने घाईने थर्मामीटर आत सरकवला. बाहेर अकरा अंश, आत चार.

"नोरबूजी, हीच ती जुनी थंडी!"

"पण ढीग केवढासा! या बारा जणी मावतील. त्यांच्या अळ्यांनी कुठे जायचं?"

तिने एकेक मादी अलगद फटीत सोडली. मग रिकामी पेटी पाठीवर घेऊन ती उताराला लागली.

"दीदी, निघालात कुठे?"

"दगड आणायला."