डावी बाजू वर

गेल्या उन्हाळ्यात मित्सुएताई म्हणाली होती, "चल ना, युकाता नेसून डोंगरावरच्या देवळात जाऊ."

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं.

ती फणकारली, "तुझं दरवर्षी हेच! मी काय जन्मभर थांबू?"

थंडीत ताई गेली.

आज तिचाच निळा युकाता, तो उन्हाळ्यातला सुती किमोनो, नेसून मी एकटीच निघाले. पायऱ्यांपाशी बर्फाचा गोळा विकणारी आजी ओरडली, "अगं पोरी, छातीवर उजवी बाजू डावीच्या वर घेतलीस! तसं मेलेल्याला नेसवतात. आईनं शिकवलं नाही का?"

ओशाळून मी डावी बाजू वर घेतली आणि कमरपट्टा आवळला.

अर्ध्या पायऱ्या चढून खाली पाहिलं, तर पुन्हा उजवी वर होती. पट्ट्याची गाठ मात्र जशीच्या तशी होती. भर उन्हात माझे हात गार पडले. मी पुन्हा सगळं सोडून नीट नेसले.

ताईला शेवटचं मीच नेसवलं होतं. रडता रडता हाताच्या सवयीनं तिची डावी बाजू वर घेतली, जिवंत माणसाची घेतात तशी. शवपेटी बंद झाल्यावर ते लक्षात आलं, पण मी कुणाला बोलले नाही.

वर पोचले. हात धुवायला दगडी कुंडीवर वाकले, तर पुन्हा उजवी वर. सारखं करायला हात नेला.

मागून एका ओळखीच्या हातानं तो अलगद बाजूला केला.

"राहू दे गं, तुझं बरोबर आहे. बघ, थांबले की नाही मी?"