धाकट्याचं रक्त

"हात लावू नका! ते माझं आहे!"

धाकटा दारातूनच ओरडला. सिस्टरच्या हातातली सलाईनची बाटली पडता पडता वाचली. थोरला खाटेवर आडवा होता. त्याच्या एका हातात सुई होती आणि सुईपासून निघालेली नळी कपाटाएवढ्या मशीनमध्ये गेली होती. आत एक वाटी गरगर फिरत होती आणि रक्ताची वाटणी करत होती. तांबड्या पेशी मुकाट परत थोरल्याच्या अंगात चालल्या होत्या. पांढऱ्या तेवढ्या एका पिशवीत जमत होत्या. धाकट्याचं बोट त्या पिशवीकडे होतं.

तसं पाहिलं तर तो खोटं बोलत नव्हता. थोरल्याला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा बोन मॅरो धाकट्यानंच दिला. सगळ्या नात्यात जुळणारा तो एकटाच निघाला. थोरला वाचला. इथपर्यंत सगळं उत्तम झालं. मग डॉक्टरबाईंनी एकदा सहज सांगितलं, की आता थोरल्याच्या अंगात जे रक्त तयार होतं ते धाकट्याचंच, अगदी रक्तगटसुद्धा बदलून धाकट्याचा झालाय. हे त्यांनी सांगायला नको होतं.

त्या दिवसापासून धाकटा थोरल्याच्या अंगात राहायलाच गेला. धाकट्याला दही सोसत नाही, म्हणून थोरल्याचं दही बंद झालं. धाकट्याला दुपारी झोप लागते, म्हणून थोरल्यानं दुपारी झोपायचं. लग्नकार्यात तो चारचौघांत ओळख करून द्यायचा, "हा माझा दादा. सध्या माझ्यावर चालतो." लोक हसायचे. थोरलाही हसायचा. वहिनीनं त्याचं नाव दानशूर ठेवलं होतं, पण ते स्वयंपाकघरापुरतंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण थोरल्याच्या मुलीनं आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला, तेव्हा खुर्ची पुढे ओढून नकार दिला तो धाकट्यानं. "माझ्या रक्ताच्या घरात हा चालायचा नाही." मुलगी बापाकडे बघत राहिली. ज्यानं जीव वाचवला त्याला नाही कसं म्हणायचं, हे बापाला सुचलं नाही. त्यानं मान खाली घातली. मुलगी त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही, आणि ते त्याला आजारापेक्षा जास्त लागलं.

आजारानंही मग वेगळी वाट धरली. थोरल्याची कातडी ताणली गेली, तोंड आतून सोललं, डोळे कोरडे पडले. आज सकाळी धाकटा नेहमीप्रमाणे चौकशीला आला, तर वहिनीनं दारातच सांगितलं, "तुमचं रक्त सुधारायला दवाखान्यात नेलंय ह्यांनी." तिला हे सांगताना बरं वाटलं असणार. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या रक्तात काय खोट आहे, ते आधी सांगा," तो आता डॉक्टरबाईंना म्हणाला.

"खोट काही नाही. तुमच्या पेशी यांच्या शरीराला परकं समजतात. कातडीवर, तोंडावर, डोळ्यांवर तुटून पडतात."

"परकं? अहो, सख्खे भाऊ आहोत आम्ही!"

"पेशींना तसं कुणी सांगितलेलं दिसत नाही."

सिस्टरनं घाईघाईनं पाठ फिरवली.

"म्हणजे माझ्या पेशी मारून टाकणार तुम्ही?"

"सगळ्या नाही हो. पिशवीतल्या थोड्या पेशींना औषध लावून प्रकाशात धरायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यांचं बघून बाकीच्या हळूहळू नमतं घेतात. राहायच्या त्या तिथेच राहतात. दुसऱ्याच्या घरात धिंगाणा घालत नाहीत, एवढंच."

धाकट्याला यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. त्याचे कान लाल झाले.

"दादा, ऊठ. घरी चल. आणि हे केलंसच, तर लक्षात ठेव. उद्या परत गरज पडली तर माझ्या दारात यायचं नाही."

गरज परत पडू शकत होती. कॅन्सर उलटला, तर देणारा हा एकच होता, हे थोरल्याला माहीत होतं आणि डॉक्टरबाईंनाही. त्यांनी खाटेकडे पाहिलं.

"काका, तुम्ही म्हणाल तसं करू. थांबवायचंय का?"

थोरला गप्प. गप्प राहण्यात त्याचा हात धरणारं घराण्यात कुणी नव्हतं. धाकट्यानं त्याचा अर्थ सवयीनं होकार असा घेतला आणि मशीन बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

त्याचं मनगट मध्येच अडकलं. थोरल्यानं आपल्या मोकळ्या हातानं ते पकडलं होतं. गेले कित्येक दिवस त्या बोटांना शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. आता ती इतकी घट्ट आवळली होती, की पेरावरची कातडी फाटून रक्त आलं. ते नेमकं कुणाचं, हा वाद त्या वेळी कुणी काढला नाही.

"दादा, सोड. दुखतंय."

थोरल्यानं सोडलं नाही. तोंडातल्या फोडांमुळे त्याला शब्द जुळवायला वेळ लागला, पण त्यानं घाई केली नाही.

"डॉक्टरबाई, आतले तुम्ही बघा. बाहेरच्याला मी बघतो."