तीनदा विचारावं

यंत्राला माणसांची रीतभात शिकवणारा अम्मानमधला पहिला लेखक मीच! घरी बसून गंजत होतो, म्हणून मित्राच्या लेकीने, रुबाने, मला काम दिलं: ‘आणखी सर्व्हर हवेत का?’ हे एआय एजंटने क्लाउडला कसं विचारावं, त्याची माहितीपुस्तिका. आमच्या अरबी पाहुणचाराच्या रीतीने मी लिहिलं, ‘पहिलं “नको” खरं मानू नये. तीनदा विचारावं, मग देऊनच टाकावेत.’

दुसऱ्या सकाळपर्यंत चार सर्व्हरचे नव्वद झाले होते. माझं लेखन इतकं मनावर घेणारा हा पहिलाच वाचक.

“अम्मो काका, क्लाउड ‘नको, नको’ म्हणत होतं हो!” रुबाने ती ओळ खोडली. मग माझा पडलेला चेहरा पाहून विरघळली, म्हणाली, “पुढचं काम कराल?”

“छे गं, मला म्हाताऱ्याला कशाला?”

“बरं,” म्हणत तिने लॅपटॉप उचलला.

“रुबा, पोरी, अजून दोनदा विचार ना!”