मनगटाला मनगट

“हा विदूषक आरशासमोर बसून रडतोय कशाला?” आई लेकीच्या कानाशी कुरकुरली. “आमच्या तंबूत आरसा एकच होता. त्याच्यापुढं रांग लागायची. हा असा मुळूमुळू रडत बसला असता, तर मागच्यानं ढकलून दिलं असतं.”

“आई, हळू. टेक चालू आहे.”

“हळूच बोलतेय की. आणि तो सिंह सारखा डरकाळ्या काय फोडतोय? आमचा दिवसभर घोरायचा. खेळाच्या वेळेला त्याला उठवणं हाच एक खेळ होता.”

एरवी लेक हसली असती. पण मालिकेचा हा भाग तिनंच लिहिला होता. विदूषक, आरसा, आसवं, सगळं तिचंच. वाहिनीला सर्कस अशीच हवी होती. सिनेमा असो की मालिका, विदूषकानं रडायचं, मालकानं चाबूक उडवायचा आणि शेवटी कुणीतरी वरून पडायचं. पडण्याचा प्रसंग जेवणानंतर होता. आणि तो तिनं घरातूनच उचलला होता.

घरात ही गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. मावशीच्या अर्धवट वाक्यांतून तिनं ती जोडून घेतली होती. ती जन्मायच्या दोन वर्षं आधी, झोक्यावरच्या खेळात, बाबांच्या हातून आई सुटली. जाळीत नीट पडली नाही, कडेच्या दोरावर आपटली. कंबर गेली, डोक्याला सात टाके पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. पुढंही कुणी विचारलं तर तेच म्हणायची.

दोघांनी सर्कस सोडली. बाबांनी गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान टाकलं. टीव्हीवर सर्कस लागली की आई चुका काढत बसायची आणि बाबांना नेमकी तहान लागायची.

शिवाय बाबा आईच्या हातात कधी काही देत नसत. चहाचा कप आधी स्टुलावर ठेवायचे, मग आई उचलायची. लेकीला लहानपणापासून वाटायचं, या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडालाय.

दिग्दर्शकाला सल्ल्यासाठी सर्कशीतली खरी माणसं हवी होती. लेखिकेचे आईवडीलच तसे निघाल्यावर ती नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? दुपारी काय चित्रित होणार, एवढं मात्र तिनं दोघांपासून लपवलं होतं. बाबांची चूक त्यांच्याच डोळ्यांसमोर, नटूनथटून, दिव्यांच्या उजेडात पुन्हा घडणार होती.

जेवण आटोपलं. बाबा झोक्याखाली नटीला समजावत होते. “भीती वाटत असेल तर आत्ताच सांग, बाळ. आमच्यात तशी सोय नव्हती. मुलगी एकदा भ्यायली असं कळलं, की तिला तिकिटं फाडायला बसवायचे. पुन्हा वर चढू द्यायचे नाहीत.”

“आणि खरंच काही झालं तर?”

“तर झेलणारा आहे ना. हवेत काहीही होवो, खाली उतरून मालकापुढं उभं राहायचं ते त्यानं. रीतच होती.”

कॅमेरा सुरू झाला. नट उलटा लटकला. नटी झेपावली. दोघांची बोटं एकमेकांत गुंतली आणि मग एकेक बोट निसटू लागलं. पडद्यावर हे संथ दिसणार होतं, मागून व्हायोलिन रडणार होतं. लेकीनं बाबांकडे बघायचं टाळलं.

“थांबा,” बाबा म्हणाले.

सगळे थांबले.

“बोटांत बोटं घालून बागेत फिरतात. इथं मनगटाला मनगट.” त्यांनी स्वतःचंच मनगट पकडून दाखवलं. “दोघंही धरतात. एकाची पकड ढिली झाली तरी दुसऱ्याची असते.”

दिग्दर्शकानं हनुवटी खाजवली. “मग काका, हात सुटतो तरी कसा?”

तेवढ्यात चहा आला. बाबांनी दोन ग्लास घेतले आणि ते आईच्या खुर्चीकडे वळले.

“सर, मी प्रसंगच बदलते,” लेक घाईघाईनं म्हणाली. “पडायलाच हवं असं काही नाही. वाहिनीशी मी बोलेन.”

“बदलू नकोस,” बाबा म्हणाले. “झेलणाऱ्याचा अंदाज चुकतो. हात पुढं करायला त्याला पाव क्षण उशीर होतो. तसं लिही.”

सीटचं माप सांगावं इतक्या सपाट आवाजात ते बोलले. लेकीचा जीव भांड्यात पडला. बोलले एकदाचे. आभाळ काही कोसळलं नाही. दिग्दर्शक मान डोलावत लिहून घेत होता.

खुर्ची करकरली. आई कंबरेवर हात ठेवून उठत होती.

“उशीर झाला नव्हता,” ती म्हणाली. “यांचे हात जागच्या जागी होते. मी झोका सोडला, खाली बघितलं आणि भ्याले. मीच हात आखडून घेतले. यांनी धरायचं काय, हवा?”

दिग्दर्शकाचं पेन थांबलं.

“घाबरट म्हणतील याची लाज वाटली,” आई म्हणाली. “मग शुद्धीवर येईपर्यंत यांनी मालकाला ‘चूक माझी’ म्हणून सांगूनही टाकलं होतं. म्हटलं, नंतर सांगू. त्या नंतरला अठ्ठावीस वर्षं झाली.”

बाबांनी सवयीनं तिचा ग्लास शेजारच्या पेटीवर ठेवायला हात खाली नेला. अर्ध्यातच थांबवला. मग तो ग्लास सरळ तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला. ग्लासाबरोबर त्यांची बोटंही धरली.

“मला वाटत होतं,” बाबा म्हणाले, “तुला खरंच आठवत नाही.”