दोन्हीकडची डॉक्टर

"पुन्हा पाठीतलं पाणी काढायचं?" डॉ. हार्ग्रोव्हनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टरबाई, पोरीच्या शरीरात काही नाही. मनाचं दुखणं आहे. वरच्या मजल्यावर पाठवा तिला."

टॅमसिन कोम्ब्सच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच शब्द! तिच्या धाकट्या भावाला, ड्यूईला, केंटकीच्या डोंगरातून याच इस्पितळात आणलं होतं, तेव्हा याच माणसानं आईला हेच ऐकवलं होतं. ड्यूईच्या मेंदूत गाठ होती. त्या वर्षीचा नाताळ त्यानं पाहिला नाही.

म्हणून तर तिनं हे शिक्षण घेतलं. मुलांचं शरीर आणि मुलांचं मन, दोन्ही एकदम. काही महिने खाली बालविभागात, काही महिने वर मनोविभागात. वर गेलं की आधी बसायचं आणि घरी कोण कोण असतं ते विचारायचं. खाली उभ्यानंच तपासायचं. सध्या ती खाली होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती. या म्हाताऱ्याचे दात त्याच्याच घशात घालायचे होते, तेही सगळ्या विभागासमोर.

ऑड्रा स्लोन तिला देवानं पाठवल्यासारखी मिळाली. नऊ वर्षांची, तिच्याच डोंगराकडची. घरी रोज सकाळी उलट्या, डोकेदुखी. हुबेहूब ड्यूई. पोरगी गुणीही होती. सुई दिसली की आपणहून हात पुढे करायची, हूं की चूं नाही. इस्पितळात आल्यापासून उलट्या थांबल्या होत्या, पण त्याचा विचार करायला टॅमसिनला सवड नव्हती.

रक्त तपासून झालं, मेंदूचे फोटो झाले, पाठीतलं पाणीही दुसऱ्यांदा झालं. सगळं स्वच्छ.

"तुम्ही दोन्हीकडच्या ना?" हार्ग्रोव्ह गालात हसले. "मग अर्ध्याच डोक्यानं का विचार करता?"

टॅमसिन धुमसतच ऑड्राच्या खोलीत गेली. पलंगाशी उभ्या उभ्याच म्हणाली, "तुला काही झालेलं नाही गं. उद्या घरी!"

ऑड्रा भडाभडा ओकली. पांघरूण, उशी, सगळं भरलं.

टॅमसिनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडला म्हातारा! काहीतरी आहेच आत. आता बघतेच त्याच्याकडे. ती सुईचा ट्रे आणायला वळली.

तिच्या पाठीमागे ऑड्रानं तोंड पुसलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात पुढे धरला.

"टोचा ना, डॉक्टर. कितीही टोचा. तुम्ही टोचताय तोवर मला घरी जावं लागत नाही."