लॉर्नाचा आधार

घरोघरी सुगंधी मेणबत्त्या विकणाऱ्या आमच्या टीमची लीडर लॉर्ना. आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तिथे ती सगळ्यांच्या आधी चीज-बटाट्याचा मोठा ट्रे घेऊन हजर होती. मला स्वतःची टीम मिळायला माझ्या हाताखाली नोंदलेला एकच माणूस कमी पडत होता, आणि वर्षभर नाही म्हणणारी माझी धाकटी बहीण ट्रूडी आता कुठे त्यासाठी तयार होत आली होती.

"आज तिच्याकडे विषय काढू नकोस गं," माझा हात धरून लॉर्ना म्हणाली. "घरच्यांना दुःखात गळ घालू नये. येईल ती आपणहून."

मला भरून आलं.

भांडी आवरताना ट्रूडी म्हणाली, "ताई, किती मायाळू आहे गं तुझी लॉर्ना! आज तुला त्रास नको म्हणून तिनं माझं नाव स्वतःच्याच हाताखाली नोंदवून घेतलं."