उलट्या ठशाची सुरमई

सहा महिने रोज सुरमई खाऊन हिराआत्याचं वजन सोळा किलोंनी घटलं होतं.

“चव तीच हाय गो,” ती भाचीला, विशाखाला म्हणाली.

समुद्रातले मासे संपण्याआधी चित्रकार विशाखाने त्यांना शाई लावून कागदावर ठसे घेतले होते. आता त्याच ठशांवरून यंत्र मासे बनवत होतं, आणि तिच्या प्रदर्शनाच्या दालनात, रेकॉर्ड केलेल्या लाटांच्या आवाजात, अख्खा कोळीवाडा जेवत होता.

आत्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विशाखाला विचारलं, “ठसा उलटा उमटतो, हे यंत्राला सांगितलं होतंत?”

विशाखा विसरली होती. मासा रेणूपर्यंत आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा झाला होता. तसल्या मांसाने पोट भरतं, पण शरीराला ते पचवता येत नाही, म्हणून अंगी लागत नाही.

आत्याने ताट पुढे केलं. “मंग आरशासमोर बसव नि वाढ. दुसरं हाय काय खायला?”

विशाखा आरसा आणायला उठली.